चव्वेचाळिसावं घर

धरणगाव,
६ एप्रिल

प्रिय डिंपल,

पाकिटावरचं अक्षर पाहून दचकली असशील, तर आधी खाली बस आणि पाणी पी. घरी सगळं ठीक आहे. तुझ्या आईचा गुडघा तेवढा कुरकुरतो, पण जिभेला अजून काहीही झालेलं नाही, म्हणजे तब्येत उत्तम आहे असं समज. काल पोस्टात पाकीट घ्यायला गेलो तर खिडकीमागच्या बाईंनी विचारलं, नाना, कोर्टाची नोटीस का? मी म्हटलं, तशातलंच आहे काहीसं. हे पत्र मी मुद्दाम तुझ्या राहत्या खोलीच्या पत्त्यावर टाकतोय, कंपनीच्या नाही. बघ, तुझा बाप किती सुधारलाय. फोन का केला नाही, चार ओळींच्या मेसेजवर का भागवलं नाही, ते शेवटी सांगतो. मधलं वाचल्याशिवाय ते कळायचं नाही, तेव्हा उडी मारून शेवटच्या पानावर जायची तुझी लहानपणची खोड आज आवर. खरं सांगू? दिवाळीपासून तू फोन करतेस तो आईला. मी शेजारीच बसलेला असतो हे तुला माहीत असतं, तरी 'नानांना सांग' एवढ्यावर मला उरकतेस. पाच महिने मी त्या दोन शब्दांवर काढले. तू पुन्हा माझ्याशी पूर्ण वाक्यांत बोलावंस, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप आहे. आणि भीती अशी की हे पत्र वाचून ते दोन शब्दही बंद व्हायचे.

दिवाळीचं आधी कबूल करून टाकतो. तू दोन मोबाईल घेऊन आलीस तेव्हा मी चारचौघांत तुझी टिंगल केली. एका माणसाला दोन मोबाईल कशाला, दोन तोंडं आहेत का, असं म्हणालो आणि माझा मीच हसलो. कंपनीचा मोबाईल तू कपाटात ठेवून दिलास. मी पाच बायोडाटे तयार करायला तुझा कंपनीचा लॅपटॉप मागितला, तर तू सरळ नाही म्हणालीस. म्हणालीस, नाना, त्यात लोकांच्या आजारांची माहिती असते, घरच्या कामाला तो उघडायचा नाही. कारण मी कानाआड केलं; माझी मुलगी, माझ्या घरात, पाहुण्यांसमोर मला नाही म्हणते, एवढंच डोक्यात राहिलं. मग भाऊबीजेच्या सकाळी तुला नाशिकच्या कुठल्या तरी मुलाचा मेसेज आला, की तुमचा बायोडाटा मिळाला, नोकरी सोडायला तयार आहात हे वाचून घरच्यांना बरं वाटलं. तुझा बायोडाटा मी अकरा घरांना पाठवला होता, तुला न विचारता. खालची 'लग्नानंतर नोकरी सोडण्यास तयार' ही ओळही माझीच. चालते म्हणून घातली, इतर मुलींच्या खाली घालतो तशी. तू ओरडली नाहीस. ओरडली असतीस तर मी दुप्पट ओरडून मोकळा झालो असतो. तू एवढंच म्हणालीस, की आमच्याकडे कोणाची माहिती बाहेर गेली तर ज्याची गेली त्याला आपण स्वतः जाऊन सांगावं लागतं, लपवलं तर नोकरी जाते. तुम्हाला तर नाना, कोणी काढूनही टाकू शकत नाही. आणि दुपारच्या गाडीने निघून गेलीस.

मला वाटलं, पोरगी शिकली, शिंगं फुटली. अठ्ठावीस वर्षं मी लग्नं जुळवतोय. तीनशेच्या वर जोडली, मोडली ती एका हाताच्या बोटांवर मोजावीत. आणि ती जुळली ती काही बायोडाट्यावर नाही. बायोडाट्यात सगळ्या मुली गृहकृत्यदक्ष आणि सगळे मुलगे निर्व्यसनी असतात. खरं ते मला ओट्यावर बसून, चहा पिऊन, निघताना दारापाशी कळतं. कोणाचा पगार सांगण्यापेक्षा कमी, कोणाची आई कडक, कोणाचं आधी एकदा मोडलेलं. ते लक्षात ठेवावं लागतं आणि माझं अक्षर तर मलाच लागत नाही (तू हे कसं वाचतेयस देव जाणे), म्हणून चार वर्षांपासून मी टिपणं मोबाईलमध्ये बोलून ठेवायला लागलो. एका घरातून निघालो की एसटीची वाट बघत उभ्या उभ्या बोलायचं आणि विसरून जायचं. त्याच मोबाईलवर भाऊबंदांचे ग्रुप, त्याच मोबाईलवर मुलामुलींचे फोटो, त्याच मोबाईलवर तुझ्या आईचे 'येताना कोथिंबीर आणा' आणि त्याच मोबाईलवर माझी खानदेशी गाणी. गाण्यांचा साठा तर असा, की कोणाच्याही कार्यक्रमात मला आधी विचारायचे, नाना, मोबाईल आणलाय ना? मला त्याचा गर्व होता. तो उतरला.

जानेवारीत लोटन आबांनी मळ्यात भरीताची पार्टी केली. पन्नास-साठ माणसं, रविवारची दुपार. हिरवी लांबडी वांगी कापसाच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजायला टाकलेली, धूर नाकातोंडात, बायका ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या लाटतायत, आणि मी लाकडी बडगीपाशी मुसळ घेऊन बसलेलो, कारण भरीत ठेचावं तर रुपचंद नानांनीच, असं आबा म्हणतात आणि मी फुगतो. गाण्यांसाठी माझा मोबाईल ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवून मोठ्या स्पीकरला जोडला होता. तीन गाणी झकास झाली. चौथ्याला माझा आवाज आला. मी आधी ओळखलाच नाही, म्हटलं हे कोण रेड्यासारखं बोलतंय. 'ललित, शिरपूर. मुलगा निर्मळ. आई जड. पहिल्याच भेटीत सून किती वाजता उठणार ते विचारलं.' लोकांना वाटलं विनोदाची रेकॉर्ड लावलीय. कोणीतरी आवाज वाढवला. मोबाईलच्या लेखी आवाज तो आवाज, त्याला गाणं काय आणि टिपण काय; माझी सगळी टिपणं गाण्यांच्या रांगेत जाऊन बसली होती, आणि आता पाळीपाळीने बाहेर येत होती. मी मुसळ टाकून धावलो. दोन्ही हात वांग्याने आणि तेलाने माखलेले. त्या बोटांना मोबाईल ऐकेना. मी दाबतोय, पुसतोय, पुन्हा दाबतोय, आणि स्पीकरमधून मी सगळ्या मळ्याला सांगतोय: 'दिपमाला, लोटन आबांची. नर्सभरतीच्या परीक्षेला बसतेय, मार्चमध्ये. आबांना सांगितलेलं नाही. तोपर्यंत स्थळं अशी दाखवायची, की आबांनी स्वतःच नाकारावीत.'

आता तुला सांगतो, आबांची ही मुलगी मागच्या श्रावणात एकटी माझ्या ऑफिसात आली होती. नर्सिंग झालेलं, हुशार, पण आबांचं म्हणणं, आधी लग्न, मग जे करायचं ते नवऱ्याला विचारून कर. तिने मला गळ घातली आणि मी वचन दिलं. त्यानंतर मी आबांना पाच स्थळं दाखवली. एक बेचाळीस वर्षांचा. एकाला आईने सांगितल्याशिवाय तहान लागत नव्हती. एकाच्या फोटोत केस होते, डोक्यावर नव्हते. आबा दर रविवारी इस्त्रीचा सदरा घालून यायचे आणि कपाळाला हात लावून परत जायचे. हे सगळं त्यांना त्या मिनिटाला उलगडलं. हातातलं सोललेलं वांगं माझ्यावर रोखून ते म्हणाले, 'पाच ऐतवार, नाना! पाच ऐतवार माले येडा बनाडं तुम्ही!' आणि हसायला लागले. आबा हसले म्हटल्यावर अख्खा मळा हसला. माणसं पोट धरून बसली. माझाही जीव भांड्यात पडला, मीही हसलो. हसत हसत दिपमालाकडे पाहिलं. ती पुऱ्यांची परात घेऊन उभी होती आणि ती हसत नव्हती. तिने परात खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि घरात निघून गेली. ते तोंड मी आधी पाहिलं होतं. भाऊबीजेच्या सकाळी, आपल्या ओसरीवर, तुझं. त्या दिवशी मी भरीत न खाताच घरी आलो, आणि तुला माहीत आहे भरीताच्या बाबतीत असं कधी होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या दारात. माफी मागायचा मला सराव नाही, त्यामुळे आधी हवापाण्याचं बोललो, मग कापसाचं बोललो. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, 'मी तुमले सांगेल व्हतं नाना, तुमना मोबाईलले नही.' आबा रागावले नाहीत, उलट परीक्षेला बस म्हणाले, याची मी तिला आठवण करून दिली. ती म्हणाली, ते मीच सांगणार होते त्यांना, परीक्षेचा निकाल हातात घेऊन. ते आता माझ्या हातून गेलं. मी उठलो तेव्हा तिने एकच विचारलं, 'आखो कोनं कोनं काय शे त्यामा?' आणखी कोणाकोणाचं काय काय आहे त्यात? मला सांगता आलं नाही. घरी आलो, दार लावून घेतलं आणि दोन दिवस बसून माझीच टिपणं ऐकली. बाई गं. 'आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून' ही म्हण मी लोकांना सुनावत आलो, आणि ती माझ्याच खिशात वाजत होती. त्रेचाळीस घरांचं असं काही त्यात होतं, जे त्यांनी मला दारापाशी, आवाज खाली करून सांगितलं होतं.

तुझ्या आईला सगळं सांगितलं. वाटलं होतं, दोन शब्द धीराचे बोलेल. ती ज्वारी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, 'कानबाईना रोट आपण भाऊबंदकीमाच खातस ना? मंग लोकेस्न्या पोरीस्न्या गोष्टी गानास्ना डबामा काबरं भऱ्यात तुम्ही?' बघ, तुझ्या कंपनीने जे तुला दोन दिवस कोंडून शिकवलं असेल, ते हिने ज्वारी निवडता निवडता सांगितलं. शेजारचे शांताराम काका मला सख्ख्या भावासारखे, पण श्रावणात कानबाईच्या प्रसादाचे रोट आपण त्यांना कधी दिले नाहीत आणि त्यांनी कधी मागितले नाहीत. त्यात राग नाही, रुसवा नाही. घरचं घरात, एवढंच. आणि मी मात्र त्रेचाळीस घरांचे रोट एकाच टोपलीत घालून ती टोपली गावभर मिरवत होतो. त्याच आठवड्यात भटूच्या दुकानातून दुसरा मोबाईल आणला. तो वधू-वर केंद्राचा. तो ऑफिसच्या टेबलाच्या कप्प्यात राहतो, संध्याकाळी सातला कुलूप. त्यात गाणं नाही, ग्रुप नाही, कोथिंबीर नाही. जुना मोबाईल घरचा. पहिले पंधरा दिवस माझी भंबेरी उडाली. एकदा मुलीकडच्यांना 'जेवायला थांबू नकोस' असं सांगितलं, तर ते बिचारे मला जेवायला बोलवायच्या तयारीत होते. एकदा केंद्राच्या मोबाईलवरून घरी फोन लावला, उशीर होईल सांगायला. आईने उचलला नाही. तीनदा लावला, नाही. घरी येऊन विचारलं तर म्हणाली, वधू-वर केंद्राचा फोन मी कशाला उचलू? माझं लग्न झालंय.

पण दुसरा मोबाईल आणून जुनं पाप फिटत नाही. तुझं ते वाक्य मला सोडेना, की ज्याची माहिती गेली त्याला आपण स्वतः जाऊन सांगावं लागतं. मळ्यात वाजली ती तीनच टिपणं, पण बाकीची चाळीस वाजली नाहीत ती माझ्या पुण्याईने नाही, रांगेत मागे होती म्हणून. तेव्हा ठरवलं, त्रेचाळीसही घरी जायचं. ज्याचं त्याला टिपण ऐकवायचं, कुठे कसं ठेवलं होतं ते सांगायचं आणि त्यांच्यासमोर पुसायचं. आई म्हणाली, हात दाखवून अवलक्षण. पण जाताना डबा बांधून देत होती. सव्वादोन महिने मी धरणगाव, जळगाव, धुळे, शिरपूर असा एसटीने फिरतोय, कंडक्टर आता तिकिटाआधी पाणी विचारतात. सगळीकडे हारतुरे मिळाले असं समजू नकोस. पाच घरांनी बायोडाटा परत मागितला, दिला. एका ठिकाणी पाणीही विचारलं नाही, आणि त्यांचं बरोबर होतं. धुळ्याचे ज्ञानेश्वर मास्तर म्हणाले, न ऐकवता पुसा. माझ्याबद्दल लोक काय म्हणतात ते ऐकायचं नाही म्हणून तर मी निवृत्त झालो. शिरपूरला ललितच्या आईपुढे मात्र मी चप्पल न काढता दारापाशीच टिपण लावलं. 'आई जड' हे शब्द ऐकून त्यांनी मला पुन्हा लावायला सांगितलं. मग विचारलं, 'जड म्हंजे? वजनमा का सभावमा?' मी देवाचं नाव घेऊन म्हटलं, सभावमा. त्या जरा विचार करून म्हणाल्या, 'मंग बराबर शे.' आणि शेव घातलेले पोहे आणले. निघताना म्हणाल्या, सून किती वाजता उठते ते आता विचारणार नाही, उठल्यावर आपोआप दिसेलच.

सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं ते जळगावचं, मेहरूण तलावाजवळच्या बेबाबाईंचं. त्यांची मयुरी तुझ्याच वयाची. तिचं टिपण मी तीन वर्षांपूर्वी केलेलं, मलाही आठवत नव्हतं. 'मयुरी, मेहरूण. ही हसली की तलावाच्या पलीकडे ऐकू जातं. हसणाऱ्या बाईला दटावतील अशा घरात द्यायची नाही, मग वर्षं लागली तरी चालतील.' बेबाबाईंनी डोळ्याला पदर लावला. म्हणाल्या, हे पुसू नका नाना, एवढं ठेवा. मी म्हटलं, नियम तो नियम, कडू असो नाहीतर गोड. मग त्यांनी मयुरीकडून ते शब्द कॅलेंडरच्या मागे लिहून घेतले आणि नंतरच मला पुसू दिलं. चांगलं पुसतानासुद्धा विचारून पुसायचं असतं, हे मी साठाव्या वर्षी शिकलो. मग बेबाबाई म्हणाल्या, आलाच आहात तर नवीन मुलांचे फोटो दाखवा. तेव्हा फोटो अजून जुन्याच मोबाईलवर होते, सगळं हलवून झालं नव्हतं. मी मोबाईल त्यांच्या हातात दिला. तिथे एक गोष्ट घडली, ती या पत्रात सगळ्यात शेवटी.

त्याआधी तुझं देणं देतो. त्या अकराही घरांना मी फोन केला. सांगितलं, की डिंपलचा बायोडाटा तिला न विचारता पाठवला होता, तो मागे घेतोय. आणि नोकरी सोडण्याची ओळ तिची नव्हती, माझी होती. नाशिकवाल्यांनी विचारलं, मग मुलगी नोकरी सोडणार नाही का? मी म्हटलं, ते तिलाही विचारू नका आणि मलाही विचारू नका. फोन ठेवल्यावर फार हलकं वाटलं. आता कोणत्याही मुलीखाली ती ओळ मी तिला विचारल्याशिवाय घालत नाही, आणि विचारायला लागल्यापासून ती क्वचितच घालावी लागते. मी चुकलो, डिंपल. पाहुण्यांसमोर तुझी टिंगल केली तेव्हा चुकलो, तुझ्या नावाने लिहिलं तेव्हा त्याहून चुकलो. हे तुला फोनवर सांगायचं धाडस मला झालं नाही, कारण तुझ्या 'हं'ला मी घाबरतो. दिपमालाची परीक्षा झाली, पेपर चांगला गेला म्हणते. आबा स्वतः तिला धुळ्याच्या केंद्रावर सोडायला गेले आणि तीन तास फाटकाबाहेर झाडाखाली बसून राहिले, इस्त्रीच्या सदऱ्यात. परवा ती ऑफिसात आली आणि म्हणाली, नाना, आता खरी स्थळं दाखवा. मी कप्पा उघडून केंद्राचा मोबाईल काढला, तेव्हा तिने आधी तो उलटसुलट करून पाहिला, मग खुर्चीत बसली.

आता मेहरूणचं. बेबाबाई फोटो सरकवत होत्या. एक शिरपूरचा, एक एरंडोलचा, एक धुळ्याचा, आणि मग त्यांचं बोट थांबलं. 'हा पोरगा कोनाचा हो, नाना? असाच पाहा आमच्या मयुरीले.' मी चष्मा लावला. रस्त्याकडेला एक मुलगा उभा, दोन्ही हातांत उसाच्या रसाचे ग्लास, खांद्यावर बायकांची मरून पर्स, आणि त्या पर्सचं कोणाला काय वाटेल याची त्याला काडीची फिकीर नाही. मुलगा माझ्या ओळखीचा नव्हता. पर्स होती. तुझ्या पहिल्या नोकरीच्या वेळी जळगावला मीच घेऊन दिलेली. मी मोबाईल काढून घेतला, म्हटलं, हा आपल्या यादीतला नाही. बेबाबाई म्हणाल्या, 'मंग कोनाच्या यादीत हाय?' दिवाळीत चुलतबहिणीच्या लग्नाचे फोटो मला द्यायला तू माझ्या मोबाईलवर तुझं खातं उघडलंस, मग आपलं भांडण झालं आणि ते बंद करायचं राहून गेलं. तेव्हापासून तुझे फोटो माझ्या स्थळांच्या शेजारी येऊन बसत होते. तिथून मी जळगाव स्टँडवर आलो, बाकावर बसलो आणि पुढचे फोटो पाहिले. चारच पाहिले असं लिहिणार होतो, सतरा पाहिले. मग लाज वाटली आणि बंद केला. भटूकडून पायऱ्या कागदावर लिहून घेतल्या, कशासाठी ते त्याला सांगितलं नाही, आणि तुझं खातं माझ्या हाताने माझ्या मोबाईलवरून काढलं. तुझ्या बाजूनेही एकदा बघून घे. त्या मुलाचं नाव मला माहीत नाही, गाव माहीत नाही, आडनाव माहीत नाही, आणि मी ते शोधलेलं नाही. माझ्यासारख्या माणसाला ते एका दुपारचं काम आहे, तेव्हा याची किंमत तूच कर. टिपण केलेलं नाही. आईला सांगितलेलं नाही. एकतीस वर्षांत तिच्यापासून लपवलेली ही पहिली गोष्ट, कारण ती माझी नाही, तुझी आहे. खरं तर त्याच संध्याकाळी तुला कळवायला हवं होतं. धीर गोळा करण्यात तीन आठवडे गेले, तीही चूक माझ्याच नावावर धर. त्रेचाळीस घरी जाऊन मी सांगून आलो की तुमचं काय माझ्याकडे आलं होतं. चव्वेचाळिसावं घर माझंच निघालं, आणि तिथे जाऊन सांगायचं म्हणून हे पत्र; फोनवर ते आईच्या कानी गेलं असतं आणि मेसेज पुन्हा कोणाच्या तरी हाती लागला असता. तू कधी सांगशील, काय सांगशील, सांगशील की नाही, ते तुझ्या हाती. मी विचारणार नाही. मी ते पाहिलं हे माहीत नसताना तू एक दिवस सांगितलं असतंस आणि मी नवल केल्याचं सोंग घेतलं असतं, तर ते पाप दिवाळीपेक्षा मोठं झालं असतं. माझं मत मात्र होऊन बसलंय, ते काही पुसलं जात नाही. विचारलंस तर सांगेन, नाही तर तोंडाला कुलूप. आखाजी, कॅलेंडरातली अक्षय्य तृतीया, दोन आठवड्यांवर आलीय. ये. एकटी आलीस तरी घर भरेल. पण पुरणाचे मांडे या वर्षी जरा जास्तच कर, असं मी तुझ्या आईला सांगून ठेवलंय, आणि का ते तिला सांगितलेलं नाही.

तुझाच, आणि आता विचारल्याशिवाय न बोलणारा,
नाना